शिक्का आहे, तपासणारा नाही

निफाड तालुक्यातल्या एका कोल्ड स्टोरेजच्या पॅनेलच्या खोलीत गेल्या फेब्रुवारीत मला एक ओळखीचा खोका भेटला. द्राक्षांचा हंगाम भरात होता. बाहेर क्रेट उतरवणाऱ्यांची लगबग, आत कॉम्प्रेसरची घरघर. मी गेलो होतो एका स्नेह्यांची बाग पाहायला. माल कुठे थंड होतो तेही बघून घ्या, म्हणून त्यांनी मला इथे आणलं. भिंतीवर, विजेच्या मीटरशेजारी, करड्या प्लास्टिकचा वीतभर खोका होता. त्याचा हिरवा दिवा दर पाच मिनिटांनी एकदा लुकलुकत होता. त्या लुकलुकण्याचा अर्थ मला माहीत होता, कारण तो मीच २०१३ साली ठरवला होता : खोलीचं तापमान कंपनीच्या सर्व्हरपर्यंत सुखरूप पोचलं.

‘सुखरूप’ हा शब्द तेव्हा आमच्या माहितीपत्रकातही होता.

मी त्या वेळी भोसरीच्या एका लहान कंपनीत नोकरीला होतो. शीतगृहातलं तापमान मोजून इंटरनेटवरून पाठवणारं हे यंत्र आम्ही केलं. तोवरच्या चाचण्या साध्या, उघड्या जोडणीवर झाल्या होत्या. गिऱ्हाइकाने करारात ‘सुरक्षित जोडणी’ असं लिहून घेतलं होतं, म्हणून माल पाठवायच्या आदल्या दिवशी ती लावली. आणि टेबलावरचे सगळे खोके सर्व्हरशी बोलेनासे झाले. पडद्यावर एकच तक्रार : समोरच्याचं प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही. कारण सापडायला रात्र झाली. खर्च वाचवण्यासाठी आम्ही यंत्रात घड्याळाची बॅटरी ठेवली नव्हती. वीज आली की ते जागं होई आणि आज १ जानेवारी १९७० आहे असं समजे. सर्व्हरचं प्रमाणपत्र २०१३ सालचं. यंत्राच्या लेखी ते त्रेचाळीस वर्षांनी जन्माला येणार होतं. बरोबर वेळ यंत्र सर्व्हरकडूनच घेणार होतं, पण सर्व्हरवर विश्वास ठेवायचा तर आधी वेळ हवी. रात्री दीड वाजता मी दोन ओळी लिहिल्या. पहिलीचा अर्थ : प्रमाणपत्र कुणी दिलं ते पाहू नकोस. दुसरीचा : ते कुणाच्या नावाचं आहे तेही पाहू नकोस. शेजारी टिपण ठेवलं, ‘तात्पुरतं’. दिवे हिरवे झाले. सकाळी टेम्पो गेला.

हा लेख म्हणजे त्या दोन ओळींची वंशावळ शोधण्याचा उद्योग आहे. अपराधी भावनेतून सुरू केलेलं वाचन पुढे आवडीने करत गेलो. आपण एकटे नव्हतो, हा दिलासा त्यात होता हेही कबूल करायला हवं.

*

जुन्या मराठी कागदपत्रांत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. शिक्का सांगे की पत्र कुणाचं; मोर्तब सांगे की मजकूर इथे संपला, यापुढे कुणी ओळ घुसडली असेल तर ती आमची नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज कुठल्याही मंजुरीला वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या काळज्या आहेत. आणि तिसरी काळजी त्या शब्दात नाहीच : तो शिक्का ओळखणारा माणूस. किल्लेदाराने कागद उलगडून ठसा पाहिला नाही, तर शिक्का कितीही कोरीव असला तरी निरुपयोगी. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया १७७६ साली कोकणातले किल्ले घेत सुटला तो चेहरेपट्टीतलं साम्य आणि भाऊ परत यावेत ही लोकांची इच्छा एवढ्या भांडवलावर. तपासणाऱ्याला तपासायचं नसलं की काय होतं, याचं ते आपल्याकडचं ठळक उदाहरण.

संगणकांच्या जगात हा प्रश्न १९७६ साली नव्याने उभा राहिला. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी त्या वर्षी दाखवलं की दोन अनोळखी माणसं आधी भेटून गुप्त किल्ली न ठरवताही गुप्त बोलू शकतात. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या : एक जगाला दिलेली, एक स्वतःजवळची. पण जगाला दिलेली किल्ली नेमकी कुणाची, हे कसं कळणार? त्यांची कल्पना अशी, की टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक सार्वजनिक वही असावी आणि सगळ्यांनी ती पाहावी. दोन वर्षांनी एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डर या पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या वहीतली अडचण दाखवली. प्रत्येक वेळी प्रत्येकाने वहीकडे धाव घ्यायची तर वहीच अडथळा होईल. त्यापेक्षा वहीतली एकेक नोंद सुटी करावी, तिच्यावर वही सांभाळणाऱ्याने सही करावी, आणि ती ज्याची त्याने बरोबर बाळगावी. या सही केलेल्या नोंदीला त्याने नाव दिलं सर्टिफिकेट. पदवीच्या प्रबंधातून इतकी टिकाऊ कल्पना क्वचितच निघाली असेल. पण तिच्यात एक जबाबदारी हळूच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. वही होती तोवर खरं-खोटं वही सांगत होती. आता कागद समोरचा दाखवणार आणि तो खरा का खोटा हे पाहणाऱ्याने ठरवायचं.

१९८८ साली या कागदाचा नमुना ठरला, एक्स.५०९. तो ठरवला दूरसंचार खात्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर होती साऱ्या जगाची एक डिरेक्टरी : देश, त्यात संस्था, संस्थेत विभाग, विभागात माणूस. वेबसाइट हा प्रकारच तेव्हा नव्हता. १९९५ साली नेटस्केपने एसएसएल आणलं तेव्हा नमुना हाताशी होता तोच उचलला, आणि माणसाच्या नावाच्या रकान्यात वेबसाइटचं नाव कोंबलं. ती डिरेक्टरी कधी झालीच नाही. तिच्यासाठी शिवलेला अंगरखा मात्र आज तुमच्या बँकेची साइट घालून बसली आहे. त्याला किती खिसे आहेत आणि कुठल्या खिशात काय असावं, हे नीट माहीत असणारे लोक तेव्हाही थोडे होते. पुढच्या बऱ्याच घोटाळ्यांचं मूळ इथे आहे असं माझं मत आहे.

प्रमाणपत्र तपासायचं म्हणजे काय करायचं? ते ज्याने दिलं त्याची सही पाहायची, त्याला ज्याने अधिकार दिला त्याची पाहायची, असं करत आपल्या ओळखीच्या एखाद्या मूळ संस्थेपर्यंत पोचायचं. मधल्या प्रत्येकाला दुसऱ्याला प्रमाणपत्र द्यायचा अधिकार होता का, ते पाहायचं. मुदत पाहायची. आणि आपण ज्याला भेटायला निघालो त्याचंच नाव कागदावर आहे ना, हे पाहायचं. यातली एक पायरी राहिली तरी बाकीच्या फुकट. माझ्या शेजाऱ्याचं आधार कार्ड अस्सल आहे, म्हणून ते दाखवून त्याला माझ्या खात्यातले पैसे काढता येत नाहीत, तसंच.

यातली प्रत्येक पायरी कुणी ना कुणी विसरलेलं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइकने दाखवलं की इंटरनेट एक्सप्लोरर मधल्याचा अधिकार तपासतच नाही. स्वतःच्या लहानशा साइटचं अस्सल प्रमाणपत्र घेतलेला कुणीही माणूस त्याच्या जोरावर दुसऱ्या कुठल्याही साइटचं प्रमाणपत्र करून देऊ शकत होता. म्हणजे ज्याला मतदार ओळखपत्र मिळालं त्याने घरी बसून इतरांची छापायची. मायक्रोसॉफ्टने ती चूक दुरुस्त केली, आणि नऊ वर्षांनी, जुलै २०११ मध्ये, अगदी तीच चूक ॲपलला आयफोनमध्ये दुरुस्त करावी लागली. नावाच्या पायरीची गंमत आणखी वेगळी. २००९ साली मार्लिनस्पाइक आणि डॅन कॅमिन्स्की यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की नावाच्या मध्ये एक शून्य-अक्षर घातलं, तर प्रमाणपत्र देणारी संस्था नावाची शेपटी पाहते आणि चोराच्या साइटचं म्हणून ते देऊन टाकते. तपासणारा प्रोग्राम मात्र सी भाषेच्या रिवाजाप्रमाणे शून्य आलं की वाचायचं थांबतो, आणि त्याला उरलेलं नाव दिसतं बँकेचं. एकच नाव, वाचणारे दोन, आणि दोघांचा वाक्य कुठे संपतं याबद्दलचा समज वेगळा. मोर्तबाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

तरी हे सगळं ब्राउझरचं झालं. ब्राउझरच्या समोर माणूस बसलेला असतो. काही बिनसलं तर ब्राउझर त्याला विचारतो, आणि माणूस बहुधा न वाचताच पुढे जातो हे खरं असलं, तरी विचारायला कुणीतरी आहे. शिवाय ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, त्यांच्या मागे लागलेले संशोधक पुष्कळ. माझ्या खोक्याला पडदा नव्हता. असता तरी त्या थंड खोलीत तो कोण वाचणार होतं?

*

ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या काही महिने आधी, टेक्सास विद्यापीठ आणि स्टॅनफर्ड इथल्या सहा संशोधकांनी एक निबंध वाचला. मार्टिन गिऑर्गिएव्ह, सुबोध अय्यंगार, सुमन जाना, रिशिता अनुभाई, डॅन बोने आणि विटाली श्मातिकोव्ह. शीर्षकाचा मराठीत अर्थ ‘जगातला सर्वांत धोकादायक कोड’. ब्राउझर सोडून बाकी सॉफ्टवेअर प्रमाणपत्रं कशी तपासतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो मी तेव्हा वाचला असता तर, असं म्हणायचा मोह होतो. पण भोसरीत असे निबंध कुणी वाचत नसे, आणि वाचला असता तरी सकाळचा टेम्पो थांबला नसता.

त्यांना जे सापडलं ते लहानसहान लोकांचं नव्हतं. ॲमेझॉनची क्लाउड सेवा वापरण्यासाठीची जावा लायब्ररी, चेस बँकेचं अँड्रॉइड ॲप, ऑनलाइन दुकानांसाठीची ओएसकॉमर्स, झेनकार्ट यांसारखी तयार सॉफ्टवेअर. सगळी सांकेतिक भाषेत बोलत होती, पण कुणाशी, हे न पाहता. एक उदाहरण इथे सविस्तर देतो, कारण त्यात सगळी गोष्ट आहे.

कर्ल ही स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गची लायब्ररी जगभरात लक्षावधी यंत्रांत बसलेली आहे. माझ्या खोक्यातही तीच होती. तिच्यात नाव तपासण्यासाठी एक खटका आहे. तो शून्यावर ठेवला तर नाव पाहिलं जात नाही. दोनवर ठेवला तर नाव जुळवून पाहिलं जातं, आणि काही न करता सोडला तर तो मुळात दोनवरच असतो. एकवर ठेवला तर? त्या काळी एकचा अर्थ होता, प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे एवढं पाहा; कुणाचं ते नको. आता एखादा प्रामाणिक प्रोग्रामर विचार करतो की नाव तपासायलाच हवं. तो लिहितो : नाव तपासायचं का? ‘ट्रू’, म्हणजे होय. आणि संगणकाच्या लेखी ‘होय’ म्हणजे एक. ॲमेझॉनच्या पैसे देण्याघेण्याच्या सेवेसाठीच्या पीएचपी लायब्ररीत नेमकं हेच झालं होतं. ज्याने हात लावला नाही त्याचं यंत्र सुरक्षित, आणि ज्याने काळजीपोटी ‘होय’ लिहिलं त्याचं उघडं. काही मोडत नाही, कुठे तक्रार येत नाही, दिवा हिरवाच. स्टेनबर्गने पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१२ च्या आवृत्तीत, तिथे एक लिहायला बंदी केली.

मला वाटतं या निबंधाचं मोठेपण चुका मोजण्यात नाही. प्रोग्रामर आळशी असतात, हे सोपं उत्तर त्यांनी बाजूला ठेवलं. तपासणीची साधनंच अशी घडवली होती की शहाण्याने चुकावं. चूक झाली तरी काम चालू राहतं, आणि जे चालू आहे त्याकडे कुणी पाहत नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी १३,५०० मोफत अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांतल्या १,०७४ ॲपमधला तपासणीचा भाग कच्चा निघाला. अनेक ठिकाणी तपासणीचं काम अशा फंक्शनकडे दिलं होतं, ज्याच्या पोटात काहीच नव्हतं. पहारेकऱ्याची खुर्ची, आणि खुर्चीवर टोपी. पायथॉन भाषेची गोष्ट तर आणखी सरळ : डिसेंबर २०१४ मधली २.७.९ ही आवृत्ती येईपर्यंत तिची नेहमीची वेब-लायब्ररी प्रमाणपत्र तपासतच नव्हती. तपासणी हवी असेल तर मागून घ्यायची.

२०१४ ची एक नोंद करून पुढे जातो. फेब्रुवारीत ॲपलने आयफोनमधली एक चूक घाईने दुरुस्त केली. ती पुढे ‘गोटू फेल’ या नावाने गाजली. सी भाषेतली एक ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिलीला अट होती, दुसरीला नव्हती. त्यामुळे सही तपासायच्या आधीच प्रोग्राम बाहेर पडत असे आणि सगळं ठीक आहे असं सांगत असे. प्रमाणपत्र खरं, पण ते दाखवणारा त्याचा मालक आहे का, एवढंच पाहायचं राहून गेलं. छापखान्यात ओळ दोनदा बसणं म्हणजे काय, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आणि जुलैत आपलं नाव या इतिहासात आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भारतात प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर एक नियंत्रक आहे. त्याच्या अधिकाराखालच्या एनआयसीच्या केंद्रातून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलला आढळलं. भारताचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होतं, म्हणून धोका खरा होता. नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द केली, आणि गूगलने क्रोममध्ये भारतीय मूळ संस्थेचा अधिकार मोजक्या भारतीय नावांपुरता आखून दिला.

*

प्रमाणपत्रं बनावट निघाली तर काय होतं, याची सर्वांत गंभीर हकीकत २०११ ची. हॉलंडमधली डिजिनोटार ही प्रमाणपत्रं देणारी संस्था कुणीतरी फोडली आणि तिच्या यंत्रांवरून शेकडो खोटी प्रमाणपत्रं काढली. त्यांत एक गूगलच्या नावाचं होतं. ते वापरून इराणमधल्या लोकांची गूगलवरची ये-जा मध्येच अडवून वाचली जात होती. पुढच्या चौकशीत सुमारे तीन लाख इंटरनेट पत्ते निघाले, जवळजवळ सगळे इराणमधले. कुणाची पत्रं कुणी वाचली आणि त्यानंतर त्यांचं काय झालं, हे आकड्यांत येत नाही. प्रकार उघडकीला आला कारण क्रोममध्ये गूगलच्या स्वतःच्या साइटसाठी आणखी एक कडक तपासणी होती, आणि तिथल्या एका वापरकर्त्याच्या पडद्यावर इशारा उमटला. डिजिनोटारचं महिन्याभरात दिवाळं निघालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. इराणी माणसाची पत्रं वाचण्यासाठी आधी हॉलंडमधली एक संस्था फोडावी लागली. जे यंत्र प्रमाणपत्र तपासतच नाही, त्याच्यासाठी एवढे कष्ट लागत नाहीत. घरी बसून स्वतःच्या हाताने केलेलं प्रमाणपत्र त्याला चालतं.

ऑगस्ट २०१५ मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन संमेलनात सॅमसंगचा एक फ्रिज संशोधकांपुढे ठेवला होता. त्याच्या दारावर पडदा होता आणि त्यावर घरच्यांचं गूगल कॅलेंडर दिसे, म्हणजे आज कुणाला दंतवैद्याकडे जायचं आहे वगैरे. पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश कंपनीच्या लोकांना आढळलं की फ्रिज गूगलशी सांकेतिक भाषेत बोलतो खरा, पण समोर गूगलच आहे का हे तपासत नाही. त्याच वाय-फायवर मध्ये बसलेल्या माणसाला घरच्यांचं जीमेलचं नाव आणि पासवर्ड मिळवता येत होता. वर्तमानपत्रांनी त्याची चेष्टा केली. मला हसू आलं नाही. तापमान मोजणारी, इंटरनेटला जोडलेली, थंड पेटी : वर्णन माझ्या ओळखीचं होतं.

यंत्रांच्या बाबतीत आणखी एक दोष आहे तो उलट्या बाजूचा, म्हणजे यंत्र स्वतःची ओळख देतं तिथला. २०१२ साली नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या गोळा करून पाहिल्या. किल्ली तयार करायला यदृच्छा लागते, आणि नुकतं चालू झालेलं राउटरसारखं यंत्र, ज्याला ना माउस ना कीबोर्ड, ते ती कुठून आणणार? अनेक यंत्रांनी एकमेकांशी जुळणारे अंक निवडले होते. टीएलएस वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५० टक्क्यांच्या खासगी किल्ल्या या संशोधकांनी नुसत्या गणिताने काढून दाखवल्या. २०१५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एसईसी कन्सल्टने सत्तरहून अधिक उत्पादकांच्या चार हजारांवर फर्मवेअर उघडून पाहिली. त्यांत ५८० वेगवेगळ्या खासगी किल्ल्या मिळाल्या, कारखान्यातच घालून दिलेल्या, म्हणजे एका नमुन्याच्या हजारो यंत्रांना एकच. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटना एकच कुलूप, आणि किल्ली प्रत्येकाच्या पायपुसण्याखाली.

२०१४ च्या सुमाराला शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप बाजारात आली. दोनेकशे रुपयांत वाय-फाय. पुण्याच्या तपकीर गल्लीत ती ढिगाने मिळू लागली, आणि अभियांत्रिकीच्या पोरांनी तिच्यावर पाण्याच्या टाक्या, पंप, दिवे, कुलुपं, काय वाटेल ते चालवलं. मला या पोरांचं कौतुकच आहे. पण चिपची स्मृती एवढीशी, काही दहा किलोबाइटांच्या हिशोबातली. एकट्या सुरक्षित जोडणीलाच सोळा किलोबाइटांची ताटली मांडून ठेवावी लागते. मूळ संस्थांची यादी ठेवायला जागा कुठली? म्हणून तिच्या लायब्ररीत एक फंक्शन आहे, त्याचं नाव ‘सेट इनसिक्युअर’. नावातच कबुली. माझ्या ‘तात्पुरतं’पेक्षा ते प्रामाणिक आहे. तरी शिकवणीच्या व्हिडिओंतून आणि तयार नमुन्यांतून ती ओळ उतरवली जाते, आणि उतरवताना तिचं नाव कुणी वाचत नाही.

*

मग तपासणी करणाऱ्या यंत्रांचं काय होतं? तेही सांगायला हवं, नाहीतर हा इतिहास एकतर्फी होईल.

मूळ संस्थांच्या प्रमाणपत्रांनाही मुदत असते, साधारण वीस वर्षांची. ती ठरवताना वीस वर्षं म्हणजे अनंतकाळ वाटली असावीत. ३० मे २०२० रोजी ॲडट्रस्ट नावाचं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि टीव्हीला जोडायच्या काही खोक्यांपासून पैसे स्वीकारणाऱ्या सेवांपर्यंत अनेकांचं काम अडलं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेला ज्याचा आधार होता ते जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं. ज्या यंत्रांच्या यादीत नवं नाव घातलं गेलं नव्हतं, त्यांच्या दृष्टीने इंटरनेटचा मोठा भाग त्या दिवशी तोतया झाला. दोष यंत्रांचा नव्हता. त्यांनी नियमाप्रमाणे शिक्का पाहिला, आणि पाहताना त्यांच्या हातात वीस वर्षांपूर्वीची वही होती. ती वही बदलून द्यायला कुणी आलंच नव्हतं.

माझा खोका त्या दोन्ही दिवशी बिनतक्रार चालू होता. कंपनीने बारा वर्षांत सर्व्हरचं प्रमाणपत्र कितीदा बदललं असेल, कुणाकडून घेतलं असेल, त्याला पत्ता नव्हता. बाजार कुणाला शाबासकी देतो ते यावरून दिसतं. जे यंत्र नेकीने तपासतं ते एक दिवस बंद पडतं, गिऱ्हाईक फोन करून ओरडतं. जे काहीच तपासत नाही ते ‘मजबूत’ म्हणून नावाजलं जातं. अलीकडे कायदे येत आहेत. युरोपात २०२० चं प्रमाणक आहे, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला यंत्राला किती काळ दुरुस्त्या मिळतील हे जाहीर करावं लागतं. यातलं दुसरं मला अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण वही बदलायला कोण आणि किती वर्षं येणार हाच मूळ प्रश्न आहे. भिंतीवर आधीच टांगलेल्या यंत्रांना मात्र हे कायदे शिवत नाहीत.

त्या दिवशी मी तिथल्या सुपरवायझरला खोक्याबद्दल सांगायचा प्रयत्न केला. तिशीतला, चटपटीत मुलगा. म्हटलं, हे यंत्र कुणाचंही ऐकेल. धोक्याची घंटा किती अंशांवर वाजवायची तेही याला सर्व्हरच सांगतो. मध्ये कुणी बसलं तर द्राक्षं शून्याच्या आसपास राहण्याऐवजी दहा अंशांवर गेली तरी घंटा वाजणार नाही. इतकंच नाही, नवा प्रोग्रामही त्याच वाटेने येतो.

तो म्हणाला, “सर, पण टेंपरेचर चुकीचं दाखवतोय का?”

“नाही.”

“मग सीझन होऊ द्या. आत्ता हात नका लावू.”

त्याचं बरोबर होतं. मी एप्रिलमध्ये परत गेलो. कंपनीचे जुने मालक आता निवृत्त आहेत. त्यांनी मुलाला सांगून मला सर्व्हरची माहिती आणि मूळ प्रोग्राम मिळवून दिला. त्या दोन ओळी आणि शेजारचं ‘तात्पुरतं’ जिथे होतं तिथेच होतं. ओळी काढल्या, आजच्या मूळ संस्थांची यादी भरली, खोका चालू केला. दिवा लागला नाही. पडद्यावर तीच तक्रार, प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही. तारीख १ जानेवारी १९७०. मी त्याची वाटच पाहत होतो. तपकीर गल्लीतून घड्याळाचं एक छोटं मोड्यूल आणलं होतं, त्यावर बटणाएवढी बॅटरी. चार तारा जोडल्या, वेळ लावली, खोका बंद करून पुन्हा चालू केला. पाच मिनिटांनी हिरवा दिवा लुकलुकला.

त्या मोड्यूलला दीडशे रुपये पडले. २०१३ साली आम्ही असे दीडशेच्या आसपास खोके विकले. नाशिक, सांगली, सोलापूर, थोडे गुजरातेत. कुठला खोका कुणाकडे गेला याची वही कंपनीने जागा बदलली तेव्हा रद्दीत गेली, असं मालकांचा मुलगा म्हणाला. सर्व्हरवर अजून एकतीस खोके रोज बोलतात. त्यांचे इंटरनेट पत्ते दिसतात, गावांची नावं दिसत नाहीत.